कानउघाडणीचं चित्र कुणासमोर टांगायचं?

आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहराच्या नगरमंडळाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस गेरार्ड दाविड या चित्रकाराकडून आपल्या दालनासाठी दोन मोठ्या लाकडी फळ्या रंगवून घेतल्या. चित्रावर साल आहे १४९८. विषय प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेल्या एका हकिकतीचा. पर्शियातल्या सिसाम्नेस नावाच्या न्यायाधीशाने लाच खाऊन खोटा निवाडा दिला. राजा कॅम्बिसिसला ते कळलं. त्याने न्यायाधीशाची कातडी सोलून काढली, ती न्यायासनावर चढवली आणि त्याच आसनावर त्याच्या मुलाला, ओटानेसला, नवा न्यायाधीश म्हणून बसवलं. निवाडा करताना आपण कशावर बसलो आहोत, हे ध्यानात ठेव, असं त्याला बजावलं.

या चित्रांची चांगली प्रतिकृती मिळाली तर सावकाश पाहावी. डावीकडच्या फळीत न्यायाधीश अजून आसनावरच आहे, पण एकाने त्याचा दंड पकडला आहे. समोर उभा राजा त्याचे अपराध बोटांवर मोजतो आहे. आवाज चढलेला नाही, हात उगारलेला नाही. एक, दोन, तीन असा हिशेब चालला आहे. मागे, अगदी लहान आकारात, एका घराच्या दारात तोच न्यायाधीश पैशाची थैली घेताना दिसतो. उजवीकडच्या फळीत तो मेजावर बांधलेला आहे आणि सोलणारे आपल्या कामात गढले आहेत. त्यांतल्या एकाने दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून सुरी दातांत धरली आहे. त्याहीपलीकडे मुलगा आसनावर बसलेला आहे आणि आसनाच्या पाठीवर बापाची कातडी लोंबते आहे.

ती शिक्षा अमानुष आहे आणि तिचं समर्थन मी कधीही करणार नाही. पण हे चित्र कुणी कुणासाठी काढून घेतलं, ते पाहिलं पाहिजे. ज्यांच्या हाती निवाड्याचा अधिकार होता, त्यांनीच ते आपल्या स्वतःच्या दालनासाठी सांगून करवून घेतलं. रोजचं काम करताना ते त्यांच्या डोळ्यांपुढे असणार होतं. त्यात कान धरला गेला आहे तो त्यांच्याच जागेवर बसणाऱ्याचा.

माझं म्हणणं या एका गोष्टीभोवती फिरतं. चूक दाखवणारं, खडसावणारं चित्र कितपत चांगलं, हे ठरवताना आपण त्यातली शैली पाहतो, धर्म पाहतो, नीती पाहतो. त्याआधी ते कुणाच्या समोर टांगलं आहे, हे पाहायला हवं. अधिकार असलेल्याच्या नजरेसमोर असेल, तर ते समाजाच्या उपयोगाचं आहे. दुबळ्याच्या समोर असेल, तर बहुतेक वेळा ते धाक घालण्याचं साधन असतं. आणि आज आपण ही चित्रं उलट्या भिंतीवर लावून बसलो आहोत.

खालच्यांना दटावणारी चित्रपरंपरा जुनी आणि दांडगी आहे. आपल्याकडे यमपट होते. पाप्यांना नरकात कोणते हाल भोगावे लागतात, ते रंगवलेला पट घेऊन माणूस दारोदार फिरायचा, एकेक शिक्षा दाखवत गायचा. सातव्या शतकात बाणभट्टाने असा यमपट दाखवणारा वर्णिला आहे. त्याहून बोलका दाखला विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात आहे. चाणक्याचा हेर निपुणक पहिल्याच अंकात यमपटवाल्याच्या वेषात येतो. हे सोंग त्याने का घेतलं असेल, हे वेगळं सांगायला नको. यमाचं चित्र दाखवणाऱ्याला कुणाच्याही घरात शिरता येत होतं, त्याला कुणी अडवत नव्हतं. पापाची भीती दाखवत तो चंदनदास या व्यापाऱ्याच्या घरात पोचतो आणि तिथून चाणक्याचा प्रतिस्पर्धी अमात्य राक्षस याची मुद्रा घेऊन बाहेर पडतो. दंडसत्ता नीतिबोधाच्या पटामागे लपून सामान्य माणसाच्या घरात कशी डोकावते, हे त्या नाटककाराने दीड हजार वर्षांच्या आसपास आधी ओळखलं होतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

इंग्लंडमध्ये चित्रकार विल्यम होगार्थने १७४७ साली उद्योगी आणि आळशी अशा दोन उमेदवार कारागिरांची बारा चित्रांची मालिका छापली. गरीब उमेदवारांपर्यंत ती पोचावी म्हणून मुद्दाम स्वस्त ठेवली. उद्योगी मुलगा शेवटी लंडनचा महापौर होतो, आळशी मुलगा फासावर जातो. कारागीर म्हणून होगार्थ असामान्य होता, माणसांच्या चेहऱ्यांची त्याची जाण थक्क करणारी आहे. पण या मालिकेत मालकाला कुणी एक शब्द विचारत नाही. १७५१ सालच्या ‘जिन लेन’ या चित्रात तो थोडा वेगळा वागला. दारूच्या नशेत आईच्या हातून मूल निसटून खाली पडतं आहे, आणि त्याच गल्लीत सावकाराचं गहाणवटीचं दुकान मात्र तेजीत आहे. तिथे बोट निदान दोन दिशांना वळतं, म्हणून ते चित्र मला जास्त खरं वाटतं.

फ्लॉरेन्सच्या राज्यकर्त्यांनी तर याहून थेट मार्ग धरला होता. गद्दार, दिवाळखोर, पळालेले कटवाले यांची चित्रं सरकारी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींवर काढली जात, बरेचदा उलटी टांगलेली, नावानिशी. १४७८ साली मेदिची घराण्याविरुद्धचा पात्सी कट फसल्यावर कटवाल्यांची अशी चित्रं काढायचं काम चित्रकार बोत्तिचेल्लीला मिळालं. १४९४ मध्ये मेदिचींना शहरातून हाकलल्यावर ती पुसून टाकण्यात आली. या प्रकारच्या भित्तिचित्रांपैकी आज काहीच शिल्लक नाही, आणि याचं मला आश्चर्य वाटत नाही. त्यांच्यात सुधारणेला जागाच नव्हती. ज्याचं चित्र काढलं, त्याने काय करावं अशी अपेक्षा होती? काहीच नाही. तो फक्त बघ्यांच्या करमणुकीसाठी भिंतीवर लटकत होता. सत्ता बदलली, भिंत धुतली गेली.

आता याच्या शेजारी दुसरी परंपरा ठेवू. इराणचा शाह तहमास्प याच्यासाठी १५३९ ते १५४३ या काळात बाराव्या शतकातला फारसी कवी निजामी याच्या पाच काव्यांची एक सचित्र हस्तलिखित प्रत तयार झाली. ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. इतकी देखणी हस्तलिखितं जगात थोडीच असतील. त्यातली दोन चित्रं माझ्या मुद्द्याची आहेत.

एकात खोरासानचा सुलतान संजर लवाजम्यासह घोड्यावरून चालला आहे आणि एक म्हातारी पुढे येऊन त्याला अडवते आहे. काव्यात ती त्याच्या अंगरख्याचा घोळच पकडते. तुझा दारूडा अंमलदार माझ्या घरात घुसला, त्याने मला मारलं, खुनाचा आळ घेऊन फरफटत नेलं. तू राजा म्हणवतोस आणि तुझ्या राज्यात हे चालतं, असं ती तोंडावर सुनावते. निजामी शेवटी सांगतो की संजरने हे बोलणं मनावर घेतलं नाही आणि त्याचं नुकसान झालं. इतिहासातला संजर खरोखर ११५३ मध्ये गुझ या तुर्की टोळ्यांच्या कैदेत पडला. चित्रात डौलदार घोडे आहेत, शाही पोशाख आहेत, डोक्यावर छत्र आहे, आणि या सगळ्या थाटापुढे पाठीत वाकलेली ती एकटी बाई.

दुसऱ्या चित्रात इराणचा प्राचीन राजा नौशेरवान आणि त्याचा वजीर एका ओसाड पडक्या वास्तूपाशी थांबले आहेत. वर घुबडं बोलत आहेत. काय म्हणतात ती, राजा विचारतो. वजीर सांगतो: एक घुबड दुसऱ्याच्या मुलाला आपली मुलगी देतं आहे आणि लग्नात काही उजाड गावं मागितली जात आहेत, दुसरं म्हणतं, त्यात काय अवघड, हा राजा असाच राज्य करत राहिला तर लाखभर उजाड गावं देईन. वजिराने स्वतःच्या तोंडाने एक शब्द टीकेचा काढला नाही, पण राजाला जे समजायचं ते समजलं.

ही चित्रं राजाच्या पैशाने, राजाच्या चित्रशाळेत, राजाने मांडीवर घेऊन पाहण्यासाठी तयार झाली, हे इथे महत्त्वाचं. आणि ही काही एका दरबाराची लहर नव्हती. युरोपात त्याच गोष्टीची सख्खी बहीण आढळते. रोमचा सम्राट त्राजान मोहिमेवर निघाला असताना एक विधवा त्याचा घोडा अडवते. माझ्या मुलाच्या खुन्याला शासन कर, म्हणते. परत आल्यावर पाहू, तो सांगतो. आणि आलाच नाहीस तर? माझ्यामागून येणारा न्याय देईल. त्याने दिलेल्या न्यायाचं श्रेय तुला कसं मिळेल? सम्राट घोड्यावरून उतरतो. रोगिर फान देर वेडन या चित्रकाराने पंधराव्या शतकात ब्रसेल्सच्या नगरगृहात ही गोष्ट रंगवली होती, तीही न्यायनिवाडा करणाऱ्यांसाठी. १६९५ साली चौदाव्या लुईच्या तोफांनी शहर भाजून काढलं, त्यात ती फळीचित्रं गेली. त्यांच्यावरून विणलेला एक भिंतपडदा स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संग्रहालयात आहे.

खोरासान आणि रोम, दोन्हीकडे रस्त्यात उभी राहणारी बाई म्हातारी किंवा विधवा आहे. तिच्याकडे सैन्य नाही, पैसा नाही, पाठीशी कुणी नाही. सगळा धोका तिने पत्करलेला आहे. चित्र पारखताना विचारायचा दुसरा प्रश्न म्हणजे, खडसावणारा स्वतः काय पणाला लावतो. ते विचारलं नाही, तर वरच्याला सुनावणारं चित्रदेखील फसवं निघू शकतं.

उदाहरणार्थ, संत अँब्रोज आणि रोमन सम्राट थिओडोसियस. इसवी सन ३९० मध्ये थेस्सलोनिका शहरात सम्राटाच्या हुकमाने भीषण कत्तल झाली. मिलानच्या या धर्मगुरूने त्याला पत्र लिहिलं: तू प्रायश्चित्त घेतल्याशिवाय तुझ्या उपस्थितीत मी पूजाविधी करणार नाही. हे पत्र त्याने स्वतःच्या हाताने, एकट्या सम्राटाने वाचावं म्हणून लिहिलं होतं. चर्चच्या दारात सम्राटाला छातीशी हात लावून थोपवल्याचा प्रसंग नंतरच्या लेखकांनी रंगवलेला आहे. पण सतराव्या शतकाच्या सुरुवातीला चित्रकार रुबेन्सने आणि त्याच्या कार्यशाळेतल्या तरुण व्हॅन डाइकने चित्र काढलं ते दारातल्या प्रसंगाचंच. व्हिएन्नातलं आणि लंडनमधलं, दोन्ही चित्रं जोरकस आहेत. भरजरी झगा घातलेला धर्मगुरू उंच पायरीवर, सम्राट खाली. त्या काळात कॅथलिक चर्चला आपलं वर्चस्व राजांना दाखवायचं होतं. एका माणसाने दुसऱ्याला एकांतात, जीव धोक्यात घालून लिहिलेले खडे बोल बाजूला राहिले आणि एका संस्थेची दुसऱ्या संस्थेवर सरशी तेवढी चित्रात उरली. मला रंगांपेक्षा ते पत्र मोठं वाटतं.

याउलट दहाव्या शतकातल्या कॉन्स्टँटिनोपलच्या एका स्तोत्रग्रंथात, जो आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, नाथान प्रेषिताने राजा दाविदाला दोष दिल्याचा प्रसंग आहे. दाविदाने दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला रणात मरू दिलं. नाथान त्याला एका गरिबाच्या एकुलत्या एक कोकराची गोष्ट सांगतो आणि राजा स्वतःच्याच तोंडाने स्वतःला दोषी ठरवतो. चित्रात दाविद दोनदा आहे: एकदा सिंहासनावर, एकदा जमिनीवर लोटांगण घातलेला. आणि शेजारी एक विचारमग्न स्त्री उभी आहे, ती म्हणजे मूर्तिमंत पश्चात्ताप. इथे नाथानचं बोट महत्त्वाचं आहेच. पण चित्रकाराने अर्धी जागा दिली आहे ती राजाच्या बदलाला. फ्लॉरेन्सच्या भिंतीवर जे नव्हतं, ते हेच.

आता आपल्या घरच्या चित्रांकडे वळतो, कारण इथलं नुकसान मला जास्त टोचतं. भर सभेत सत्ताधाऱ्यांना जाब विचारण्याचा आपल्या परंपरेतला सगळ्यांत मोठा प्रसंग द्यूतसभेचा. द्रौपदी सभेत ओढून आणली जाण्याआधीच निरोप घेऊन आलेल्या प्रातिकामीला परत पाठवते, एक प्रश्न देऊन: युधिष्ठिर आधी स्वतःला हरले की मला? सभेत आल्यावर तोच प्रश्न ती साऱ्या कुरुवृद्धांना करते. स्वतःला हरलेल्या माणसाला दुसऱ्याला पणाला लावण्याचा हक्क उरतो का? भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला उत्तर देता येत नाही. धृतराष्ट्राच्या मुलांपैकी एकटा विकर्ण तिच्या बाजूने बोलतो आणि कर्ण त्याला गप्प करतो. एवढा जळजळीत, कायद्याच्या भाषेतला, एका स्त्रीने राजसभेला विचारलेला प्रश्न. आणि पहाडी लघुचित्रांपासून छापील तसबिरींपर्यंत आपण पुन्हा पुन्हा काय रंगवलं? वस्त्र. न संपणारी साडी, दमलेला दुःशासन, वर आकाशातून हात देणारा कृष्ण. त्या चित्रात ती डोळे मिटून, हात जोडून उभी असते. तिचं तोंड बंद असतं. भीष्म, द्रोण, धृतराष्ट्र कोपऱ्यात माना खाली घालून बसलेले, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की त्यांनाही वाईट वाटतंय. भक्तीचं चित्र म्हणून ते हृद्य आहे, हे मी नाकारत नाही. पण सभेला विचारलेला जाब त्यातून पुसला गेला आणि त्याची जागा चमत्काराने घेतली.

गीतेचंही तेच. दुसऱ्या अध्यायात कृष्णाचे पहिलेच शब्द अर्जुनाला लागतील असे आहेत. हे भ्याडपण तुला शोभत नाही, असा त्याचा रोख आहे. दिनदर्शिकेवरच्या रथात मात्र एक प्रसन्न गुरू आणि हात जोडलेला शिष्य. मित्राने मित्राला झटकलं, तो ताण कुठेच नाही.

उलट आपल्याच जुन्या शिल्पकारांना हे उत्तम जमत होतं. सांचीच्या पश्चिम तोरणावर महाकपी जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मातली एक कथा, कोरलं आहे. वानरांचा राजा नदीवर स्वतःच्या देहाचा पूल करतो, वानरं त्यावरून पळून वाचतात. खाली वाराणसीचा राजा आपल्या लोकांसह आला आहे, धनुर्धर आहेत, म्हणजे मारण्याचाच बेत. आणि त्याच चौकटीत, जरा बाजूला, मरणाला टेकलेला वानर राजाशी बोलतो आहे; प्रजेसाठी राजाने काय करायचं असतं, ते ऐकवतो आहे. शिल्पकाराने ते दोघांचं बोलणं वगळलं नाही.

सोळाव्या शतकातला चित्रकार ब्रुगेल याचं एक चित्र या बाबतीत मला सगळ्यांत जवळचं वाटतं. १५६५ सालचं, करड्या रंगछटांतलं, जेमतेम वहीच्या पानाएवढं. लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहात आहे. व्यभिचाराचा आरोप ठेवून एका बाईला येशूपुढे आणलं आहे. दगड मारायला जमलेले लोक भोवती उभे. येशू वाकून जमिनीवर लिहितो आहे, आणि ब्रुगेलने ते शब्द डच भाषेत वाचता येतील असे लिहिले आहेत: ज्याने पाप केलं नाही त्याने. बाई ताठ उभी आहे. वाकला आहे तो येशू. खडसावणं आहे, पण ते जमावाला आहे, आणि तेही खाली वाकून केलेलं. ब्रुगेलने हे चित्र विकलं नाही, ते त्याच्या कुटुंबात राहिलं.

आज जगभर काय चालू आहे? आरोप सिद्ध व्हायच्या आत माणसाला कॅमेऱ्यापुढे उभं केलं जातं. थकबाकीदारांचे, नियम मोडणाऱ्यांचे फोटो फलकांवर लावले जातात. कुणाची तरी चूक मोबाइलमध्ये टिपून लाखोंना पाठवली जाते आणि पाठवणाऱ्याला वाटतं, आपण समाज सुधारतो आहोत. हे फ्लॉरेन्सच्या भिंतीचं काम आहे. चित्रातल्या माणसाला तिथे बदलायला वाव नाही, आणि दाखवणारा काहीही पणाला लावत नाही. दाद मागणाऱ्या दुबळ्या माणसाने सत्तेतल्या व्यक्तीचा अन्याय टिपून जगापुढे आणला तर ती गोष्ट वेगळी. तिथे म्हातारीने अंगरख्याचा घोळ पकडलेला असतो. दोन्ही एकाच मापाने मोजणं मला मान्य नाही.

एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. सत्तेने स्वतःवरचं टीकाचित्र विकत घेतलं, तर तो निव्वळ देखावा ठरत नाही का? पादुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलचंच पाहा. एन्रिको स्क्रोवेन्यीचा बाप सावकार होता. इटालियन कवी दान्तेने आपल्या काव्यात त्याला नरकात व्याजखोरांमध्ये बसवलं आहे. मुलाने चॅपेल बांधलं आणि १३०५ च्या सुमारास चित्रकार जिओत्तोकडून रंगवून घेतलं. त्यात येशू मंदिरातून दुकानदारांना हुसकावतो आहे, मूठ उगारलेली, आणि भेदरलेलं एक पोर एका शिष्याच्या झग्यात शिरलं आहे. घराण्याची पापं धुण्याचा हा सौदा होता, असं म्हणता येईल. असेलही. पण पैसा धर्माच्या दारात काय करतो, याचं चित्र त्याच पैशाने भिंतीवर चढलं आणि सातशे वर्षं तिथे आहे. दाता खरा होता की ढोंगी, हे आज कुणाला महत्त्वाचं राहिलेलं नाही. भिंत मात्र बोलते आहे. राज्यकर्त्याने ढोंगाने का होईना, आपल्याविरुद्धचं माप सगळ्यांना दिसेल असं टांगलं की पुढे कुणीही त्याकडे बोट दाखवू शकतो. माप टांगलंच नाही तर बोट कशाकडे दाखवणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. न्यायदालनात, मंत्रालयात, नगरसभेत बोधचिन्हं आणि थोरांच्या तसबिरी सहसा अधिकाऱ्याच्या खुर्चीमागे असतात, म्हणजे त्या दिसतात दाद मागायला आलेल्याला. निदान एक भिंत खुर्चीच्या समोरची असावी, आणि तिच्यावर आजच्या चित्रकारांकडून असं काम करून घ्यावं, ज्यात खुर्चीवरच्या माणसाला कुणीतरी थांबवतं आहे. कातडी सोललेली नको. घोडा अडवणारी विधवा पुरेशी आहे. संग्रहालयांनी अशा चित्रांशेजारच्या पाटीवर चित्रकार, साल आणि रंगद्रव्य यांच्याबरोबर ते मुळात कुणाच्या खोलीत, कुणाच्या नजरेसमोर होतं, हेही लिहावं. त्याशिवाय गेरार्ड दाविडची फळी केवळ क्रौर्याचा नमुना म्हणून पाहिली जाते. आणि शालेय पुस्तकात द्यूतसभेचं तेच जुनं चित्र छापायचं असेल तर छापा. फक्त खालची ओळ बदला. तिथे द्रौपदीचा प्रश्न जसाच्या तसा द्या, आणि स्वाध्यायात मुलांना विचारा, भीष्मांनी काय उत्तर द्यायला हवं होतं.